अमाइडचा नायट्रोजन एसपी३ की एसपी२?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. एफवाय बीएस्सीच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: "मॅडम, क्लासमध्ये शिकवलं की सिग्मा बंध मोजायचे, त्यात लोन पेअर (बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉन-जोड्या) मिळवायच्या, बेरीज ४ आली की एसपी३, ३ आली की एसपी२. अमोनियाला ४ येतात, बरोबर. ॲसिटामाइडच्या नायट्रोजनलाही तीन बंध आणि एक लोन पेअर, म्हणजे ४. पण उत्तरसूचीत एसपी२ छापलंय. ॲनिलिनचं तर एका पुस्तकात एसपी२ आणि दुसऱ्यात एसपी३. खरं कोणतं? परीक्षेत काय लिहू?" शेवटी फ्युरानच्या ऑक्सिजनबद्दल एक उपप्रश्नही आहे, तो शेवटीच घेते.

परीक्षेचं उत्तर दोन ओळींत. अमाइडच्या नायट्रोजनला एसपी२ लिही. ॲनिलिनला तुझ्या विद्यापीठाच्या नेमलेल्या पुस्तकात जे असेल ते लिही. पर्यायी प्रश्नात बहुधा एसपी२ अपेक्षित असतं, कारण लोन पेअर बेंझिनच्या वलयाशी संयुग्मित होते, म्हणजे वलयाच्या इलेक्ट्रॉनांत पसरते. झालं. आता खरं बोलू.

तुझं गणित चुकलेलं नाही. गडबड आहे ती त्यामागच्या समजुतीत. आपल्याला शिकवतात त्या क्रमामुळे असं वाटतं की अणू आधी संकरण, म्हणजे एस आणि पी कक्षक किती प्रमाणात मिसळायचे ते, ठरवतो आणि मग त्याप्रमाणे बंध पसरतात. प्रत्यक्षात संकरण हे वरातीमागून आलेलं घोडं आहे. कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या टोकांकडे असतात हे व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी १८७४ मध्ये मांडलं. तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागला नव्हता, तो १८९७ चा. पाउलिंगने एस आणि पी कक्षकांचं मिश्रण करून तो आकार समजावला १९३१ मध्ये. म्हणजे आकार माहीत होऊन ५७ वर्षं झाल्यावर संकरण आलं, आणि आलं ते त्या आकाराचा हिशेब लावायला. मिथेनमधला १०९.५ अंशांचा कोन एसपी३ मुळे "होत" नाही. तो कोन आहे म्हणून एसपी३ हे वर्णन त्याला बसतं.

म्हणून मी वर्गात मुलांना "या अणूचं संकरण काय?" असं विचारत नाही. मी विचारते, "ही लोन पेअर कुठे राहिली तर रेणूचा फायदा आहे?" हा जमाखर्च एकदा जमला की सूत्र कुठे लागू होतं आणि कुठे फसतं हे आपोआप कळतं.

अमोनियापासून धरू. एस कक्षक केंद्रकाच्या जवळ, ऊर्जेने खाली. लोन पेअरला दुसऱ्या अणूशी वाटणी करायची नसते, त्यामुळे तिला जितका एसचा वाटा मिळेल तितकं तिला बरं. म्हणून अमोनिया सपाट न राहता पिरॅमिडसारखा वाकतो, कोन १०७ अंशांच्या आसपास. पण हा वाकण्यातला फायदा फार मोठा नाही. अमोनिया सपाट करायला सुमारे २४ किलोज्यूल प्रति मोल लागतात, बस. वाऱ्याने छत्री उलटी व्हावी तसा तो साध्या तापमानाला सतत उलटापालटा होत असतो. हा २४ चा आकडा लक्षात ठेव, पुढे सगळीकडे लागणार आहे. नायट्रोजनला सपाट होण्याचा खर्च एवढाच.

आता अमाइड. नायट्रोजनच्या शेजारी कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध) आहे, आणि कार्बोनिलचा पाय-कक्षक इलेक्ट्रॉनसाठी आ वासून बसलेला. नायट्रोजनने सपाट होऊन लोन पेअर शुद्ध पी कक्षकात ठेवली, तर ती त्या पाय-प्रणालीत पसरू शकते. खर्च २४. मिळकत किती? डायमिथाइल फॉर्मामाइडमध्ये, म्हणजे आपल्या डीएमएफमध्ये, कार्बन-नायट्रोजन बंध फिरवायला साधारण ८५ ते ९० किलोज्यूल लागतात. इथेनमधला कार्बन-कार्बन बंध फिरवायला फक्त १२ च्या आसपास. फिरवण्याचा हा अडथळा म्हणजे मिळकतीची तंतोतंत किंमत नव्हे, पण अंदाज घ्यायला पुरतो. २४ घालून त्याच्या कितीतरी पट मिळत असतील तर कोण नाही म्हणेल? नायट्रोजन सपाट होतो. बंधाची लांबीही तेच सांगते: साध्या अमाइनमध्ये कार्बन-नायट्रोजन अंतर १.४७ अँगस्ट्रॉम, अमाइडमध्ये १.३३ च्या आसपास.

हे आकडे पुस्तकातले. मला ते पटले ते एका नवख्या मुलाच्या हट्टामुळे. कॉलेजात येण्याआधी नऊ वर्षं मी औषधनिर्मितीच्या प्रयोगशाळेत होते. तिथे नुकताच एमएस्सी होऊन आलेला एक मुलगा बेंझॉइक ॲसिडचा डायमिथाइल अमाइड करत होता. टीएलसीवर (शुद्धता तपासायच्या पट्टीवर) एकच डाग, पण प्रोटॉन एनएमआरमध्ये (हायड्रोजनांचा शेजार दाखवणाऱ्या स्पेक्ट्रममध्ये) २.९७ आणि ३.११ पीपीएमला दोन बसकी, पसरट शिखरं. त्याचं म्हणणं, नायट्रोजनवरचे दोन मिथाइल गट सारखेच आहेत, मग सहा प्रोटॉनचं एकच टोकदार शिखर यायला हवं; दुसरं शिखर म्हणजे अशुद्धी. बिचाऱ्याने तीनदा शुद्धीकरणाचा सिलिका-कॉलम चालवला. दर वेळी सिलिकाने हात पांढरे, आणि दर वेळी तीच दोन शिखरं, तेवढ्याच उंचीची. चौथ्यांदा कॉलम भरायला घेतला तेव्हा मी त्याला थांबवलं आणि म्हटलं, नमुना डीएमएसओ या द्रावकात घे आणि नळी तापवत तापवत स्पेक्ट्रम काढ. तापमान वाढलं तशी दोन्ही शिखरं आणखी पसरली, एकमेकांकडे सरकली, मिसळली, आणि मग एकच नीट शिखर वर आलं. नमुना थंड केला, पुन्हा दोन. अशुद्धी काही गरम केल्यावर नाहीशी होऊन थंड केल्यावर परत येत नाही! बंध फिरायला अडखळतो, म्हणून एक मिथाइल ऑक्सिजनच्या बाजूला आणि दुसरा पलीकडे अडकून राहतो. दोघांचा शेजार वेगळा, म्हणून शिखरं वेगळी. साध्या डीएमएफचं पण बघ, क्लोरोफॉर्ममध्ये २.८८ आणि २.९६ ला दोन शिखरं देतो. ज्याने कधी डीएमएफ नीट उडवलेला नसतो त्याला ही दोन शिखरं तोंडपाठ असतात.

एनएमआर सगळ्यांच्या हाताशी नसतं, पण सेपरेटिंग फनेल तर असतं. तुमच्या प्रॅक्टिकलमध्ये ॲनिलिनपासून ॲसिटॅनिलाइड करायचं असेल. बाटलीतलं ॲनिलिन जुनं असलं की लालसर तपकिरी दिसतं. ॲसिटिक अनहायड्राइड घालून गार पाण्यात ओतलं की पांढरे स्फटिक पडतात, वितळणबिंदू ११४ अंशांच्या आसपास. त्यानंतर हे एकदा करून बघ, अर्थात फ्यूम हूडमध्ये आणि हातमोजे घालूनच, कारण ॲनिलिन कातडीतूनही अंगात भिनतं. थोडं ॲनिलिन आणि थोडं ॲसिटॅनिलाइड इथाइल ॲसिटेटमध्ये विरघळव आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर हलव. ॲनिलिन मीठ होऊन खाली पाण्याच्या थरात उतरतं. ॲसिटॅनिलाइड ढिम्म वरच राहतं. खालचा थर वेगळा काढून त्यात सोडियम हायड्रॉक्साइड घातलं की दुधट होतो, तेलाचे थेंब सुटतात आणि तो ॲनिलिनचा ओळखीचा वास परत येतो. दोन्ही रेणूंत नायट्रोजनवर लोन पेअर आहे. एकीने प्रोटॉन घेतला, दुसरीने घेतला नाही, कारण दुसरीचा जीव कार्बोनिलमध्ये गुंतलेला. अमाइडला फारच जोरदार आम्लात घातलं तर प्रोटॉन जातो तोही ऑक्सिजनवर, नायट्रोजनवर नाही. नायट्रोजनवर बसला तर सगळी मिळकत बुडेल. आपण ताप आला की घेतो त्या पॅरासिटामॉलमध्ये हाच अमाइड आहे, आणि म्हणून ते अमाइनसारखं आम्लारिधर्मी वागत नाही.

इथे एक आडवाट घेते, कारण ही गोष्ट आपल्या देशातली आहे. पेप्टाइड बंध सपाट असतो हे धरूनच पाउलिंग आणि कोरी यांनी १९५१ मध्ये प्रथिनांचं अल्फा-हेलिक्स मांडलं. सपाट तुकडा वळत नाही, म्हणजे दर अमिनो आम्लामागे साखळीला मुख्यतः दोनच ठिकाणी वळता येतं. त्या दोन कोनांपैकी कुठल्या जोड्या चालतात आणि कुठल्या जोड्यांत अणू एकमेकांवर आदळतात, याचा नकाशा जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मद्रासमध्ये काढला. जगभर तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. नायट्रोजन एसपी३ असता तर हा नकाशा इतका सोपा झालाच नसता.

आता ॲनिलिन, जिथे तुझ्या दोन पुस्तकांचं भांडण आहे. जमाखर्च तोच. खर्च तोच सुमारे २४. पण बेंझिनचं वलय कार्बोनिलसारखं आसुसलेलं नाही; ते मुळातच सुखी आहे. त्यामुळे मिळकत आणि खर्च जवळपास बरोबरीला येतात आणि नायट्रोजन अर्ध्यावर थांबतो. अमिनो गट वलयाच्या पातळीशी साधारण ४० अंशांनी कललेला, दोन हायड्रोजनमधला कोन ११३ च्या आसपास: अमोनियाचा १०७ नाही आणि सपाटाचा १२० ही नाही. त्याला पूर्ण सपाट करायला आता ६ च्या आसपास किलोज्यूल पुरतात. म्हणजे दोन्ही पुस्तकं अर्धी अर्धी बरोबर आहेत. एसपी३ म्हणणाऱ्याने वाकलेला आकार पाहिला, एसपी२ म्हणणाऱ्याने वागणूक पाहिली. आणि वागणूक खरंच बदलते: सायक्लोहेक्झिलअमाइनच्या संयुग्मी आम्लाचा पीकेए (तो जितका मोठा तितकं अमाइन जास्त आम्लारिधर्मी) १०.६, ॲनिलिनच्या ४.६, दहा लाख पटींचा फरक. (त्यात नायट्रोजन ज्या कार्बनला जोडलेला आहे त्याचाही हात आहे, सगळं श्रेय लोन पेअरच्या पसरण्याला देऊ नये.)

इथेच "परिस्थितीवर अवलंबून" हे शब्द वापरावे लागतात. ॲनिलिनच्या पॅरा जागी नायट्रो गट बसव; आता वलय इलेक्ट्रॉन खेचतंय, मिळकत वाढली, नायट्रोजन आणखी सपाट झाला, आणि पीकेए १ पर्यंत घसरला. उलट नायट्रोजनवर दोन मिथाइल आणि दोन्ही ऑर्थो जागी पण मिथाइल कोंब. जागाच नाही म्हणून अमिनो गट पिरगळतो, लोन पेअर वलयाच्या पाय-कक्षकांशी समांतर राहत नाही, मग सपाट होण्यात अर्थ उरत नाही. नायट्रोजन तोच, वलय तेच, संकरण मात्र सरकलं. एसपी२ आणि एसपी३ ही दोन खोकी नाहीत, एका पट्टीवरच्या खुणा आहेत.

अमाइडही दर वेळी सपाट असतो असं नाही. पेनिसिलिनमध्ये चार अणूंच्या वलयात अमाइड कोंबलेला आहे, शेजारी आणखी एक वलय जोडलेलं. वाकलेल्या सांगाड्यात नायट्रोजनला सपाट होताच येत नाही. त्याच्याभोवतीच्या तीन कोनांची बेरीज ३३७ अंशांच्या आसपास येते. ही बेरीज मी नेहमी करते, क्ष-किरण स्फटिकरचना हातात आली की पहिलं काम तेच: ३६० आली तर सपाट, ३२८ च्या आसपास आली तर चतुष्फलकी, मधे आली तर मधे. कुठल्याही सूत्रापेक्षा ही बेरीज खरी. पेनिसिलिनमध्ये लोन पेअर कार्बोनिलला पुरेशी मिळत नाही, म्हणून कार्बोनिल इन्फ्रारेडमध्ये १६५०–१६८० सेमी⁻¹ ऐवजी १७७० च्या पुढे दिसतो, साध्या अमाइडपेक्षा कितीतरी सहज फुटतो, आणि त्या फुटण्यातच जिवाणूंच्या एन्झाइमला अडकवतो.

"मग टक्के काढता येतात का?" असं कुणी विचारेलच. येतात, आणि बारावीच्या त्रिकोणमितीत येतात. सारख्या बंधांमधला कोन थीटा असेल आणि प्रत्येक बंधातला एसचा वाटा स, तर कोसाइन थीटा = स भागिले (स वजा १). स = ०.२५ घाल, १०९.५ अंश. एक तृतीयांश घाल, १२०. अर्धा घाल, १८०. आता उलट जाऊ. अमोनियाचा १०७ घातला तर प्रत्येक बंधात एस सुमारे २२.६ टक्के, तिन्ही मिळून ६८, उरलेले ३२ टक्के लोन पेअरकडे. "एसपी३" म्हणजे सगळ्यांना २५ असं मानत होतीस ना? तसं नाही, लोन पेअरने जास्त लाटलं. फॉस्फीनचा कोन ९३.५ आहे, तोच हिशेब केला तर बंधात जेमतेम ६ टक्के एस आणि लोन पेअरकडे ८० च्या वर. सूत्र मात्र अमोनिया आणि फॉस्फीन दोघांनाही एसपी३ म्हणून मोकळं होतं.

कार्बनच्या बाबतीत तर एनएमआर हे टक्के जवळजवळ थेट वाचून दाखवतं. कार्बन-१३ आणि त्याला जोडलेल्या हायड्रोजनमधला कपलिंग स्थिरांक ५०० ने भाग. मिथेन १२५ हर्ट्झ, म्हणजे २५ टक्के. इथिलीन १५६, म्हणजे ३१. ॲसिटिलीन २४९, म्हणजे ५०. आता सायक्लोप्रोपेन बघ. प्रत्येक कार्बनला चार एकेरी बंध, सूत्राने डोळे मिटून एसपी३. स्थिरांक येतो १६१ हर्ट्झ, म्हणजे ३२ टक्के. हायड्रोजनकडचे बंध इथिलीनसारखे! त्या दोन बंधांनी ६४ टक्के एस उचलला, तर वलयातल्या दोन बंधांना १८-१८ च उरला. वरच्याच समीकरणात १८ टक्के घातले की दोन कक्षकांमधला कोन १०३ येतो, आणि वलयाचा कोन तर ६० चा. म्हणजे कक्षकांची तोंडं अणूंना जोडणाऱ्या सरळ रेषेवर नाहीत, बाहेर फाकलेली आहेत. बंध केळ्यासारखा वाकडा. हे मला पहिल्यांदा कागदावर सुटलं तेव्हा मी होस्टेलच्या मेसचं जेवण चुकवलं होतं.

एक आक्षेप येईल, तोही घेऊन टाकते. मिथेनचे चारही बंध सारखे असतील तर फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रममध्ये एकच पट्टा दिसायला हवा. दिसतात दोन, १४ आणि २३ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास. मग संकरण खोटं का? नाही. इलेक्ट्रॉन बाहेर काढताना संबंध रेणूवर पसरलेले कक्षक वापरणं सोयीचं, बंधांची दिशा सांगताना संकरित कक्षक सोयीचे. एकूण इलेक्ट्रॉन घनता दोन्हींत तीच. शेतजमिनीचे वाटे उभे पाडले किंवा आडवे पाडले तरी एकर तेवढेच राहतात.

तर तुझ्या सूत्राचं काय करायचं? ठेव. शेजारी पाय-बंध किंवा रिकामा पी कक्षक नसेल, वलयाचा ताण नसेल, आणि अणू दुसऱ्या आवर्तनातला असेल, तर ते ठीक चालतं. लोन पेअरच्या शेजारच्याच अणूवर दुहेरी बंध दिसला की थांब आणि जमाखर्च कर. पण तिथेही एक पथ्य आहे, आणि पिरिडीनमध्ये मुलं हमखास तिथेच घसरतात. पिरिडीनच्या नायट्रोजनने आपला पी कक्षक आधीच वलयाला दिलेला आहे. लोन पेअर वलयाच्या पातळीत बाहेर तोंड करून बसली आहे, ती पसरू शकत नाही, म्हणून पिरिडीन आम्लाला मुकाट प्रोटॉन देऊ देतं. पायरोलचं उलट: तिथे लोन पेअर हीच वलयाच्या सहा इलेक्ट्रॉनांतली जोडी आहे, ती काढली तर ॲरोमॅटिकपणाच जातो. इमिडॅझोलमध्ये दोन्ही प्रकारचे नायट्रोजन एकाच वलयात मिळतात. त्यांतला कोणता प्रोटॉन घेईल हे आता तुझं तूच सांग.

राहिला फ्युरानचा ऑक्सिजन. त्याच्याकडे लोन पेअर दोन आहेत, आणि तुझी शंका अशी की दोन्ही वलयात गेल्या तर इलेक्ट्रॉन आठ होतील. होतील, पण जाऊ शकत नाहीत. एका अणूकडे वलयाला काटकोनात उभा असा पी कक्षक एकच असतो. एक जोडी त्यात बसते आणि सहाचा आकडा पुरा करते. दुसरी पिरिडीनच्या जोडीसारखी वलयाच्या पातळीत, एसपी२ सारख्या कक्षकात, बाहेर तोंड करून राहते. अनिसोलमध्येही असंच: एकच जोडी वलयाकडे वळते, कार्बन-ऑक्सिजन-कार्बन कोन ११७ च्या आसपास येतो, आणि मिथाइल गट वलयाच्याच पातळीत आडवा पडतो. गोळ्या-काड्यांचं मॉडेल असतं ना, बॉल-स्टिक, त्यात अनिसोल बांध आणि मिथाइल फिरवून बघ: कुठल्या स्थितीत ऑक्सिजनचा उभा पी कक्षक वलयाच्या कक्षकांशी समांतर येतो ते बोटांना लगेच कळेल.